गुंडाळलेली गादी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर सांगायला गेलं की तू मधेच तोंड घालतोस, मग मी चिडते, मग तू फोन ठेवतोस आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून लिहिते. आधी पूर्ण वाच, मग काय चिडायचं ते चीड.

तुझ्या भिंतीबद्दल आहे. आमच्या हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये तू चित्र काढून गेलास त्याला चार महिने होत आले. उद्घाटनाला आलेली मंडळी वाहवा करून, चहा पिऊन गेली. पण त्या हॉलमध्ये रोज बसणाऱ्यांचं काय म्हणणं आहे, हे तुला कुणी कळवलं नसणार. मी इथली मेट्रन, त्यात तुझी थोरली बहीण, तेव्हा हे लोढणं माझ्याच गळ्यात.

हॉल तुला पाठ आहे. एका अंगाला अतिदक्षता विभागाचं दार, मध्ये खुर्च्यांच्या तीन रांगा आणि खुर्च्यांच्या थेट पुढ्यात तुझी अठरा फुटी भिंत. बसलेल्या माणसाला दुसरं काही बघायलाच नाही. उघडी खिडकी, सकाळचं ऊन, लोखंडी कॉट आणि कॉटवर उशाच्या बाजूला गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेली गादी. खाली तू नाव दिलंयस, ‘घरी गेली’.

आता नीट ऐक. आमच्याकडे पेशंट बरा होऊन घरी गेला की पाच मिनिटांत चादर बदलून कॉट तयार होते, कारण पुढचा पेशंट दाराशीच उभा असतो. गादी गुंडाळून उशाला ठेवतात ती फक्त माणूस गेल्यावर. मग कॉट औषधाच्या पाण्यानं पुसायची आणि गादी गच्चीवर उन्हात टाकायची. ही पद्धत मी इथे लागायच्या आधीपासूनची आहे, आणि वॉर्डात चार दिवस काढलेल्या नातेवाइकाला ती न सांगता कळते. तेव्हा तुझं ‘घरी गेली’ वाचून ते काय समजत असतील, तूच बघ.

परवा एका बाईनं खुर्ची उचलली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, “चित्र सुरेख आहे हो, पण तिथं पुसायला गेलं की वाटतं, ती गादी आता आपल्यालाच वर न्यायची आहे.” वॉचमनचं म्हणणं, साहेबांनी छानसा धबधबा काढायचा होता. हस हवं तर. पण वीस तारखेला समितीची बैठक आहे, आणि भिंत पांढरी करावी का हा एकच विषय आहे. माझं मत विचारतील. या बाबतीत मेट्रनच्या शब्दाला वजन असतं.

मला एक मार्ग सुचतो. तू येऊन ती गादी पसरून टाक, वर स्वच्छ चादर घाल. एक दिवसाचं काम. बाकी खिडकी, ऊन सगळं राहील आणि भिंतही वाचेल. कळव.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ताई,

पूर्ण वाचलं. आता चिडतो.

चित्र म्हणजे भाजी आहे का, कुणी खारट म्हणालं की घाला पाणी? मी त्या भिंतीपुढे सात आठवडे शिडीवर काढलेत. त्या उन्हासाठी पिवळा रंग अकरा वेळा खरवडून पुन्हा दिलाय. त्यात गादी नेमकी तिथे आणि तशीच का आहे, याचा विचार वॉचमनपेक्षा मी थोडा जास्त केला असेल की नाही? सार्वजनिक भिंतीवरचं चित्र प्रत्येकाला आवडलंच पाहिजे असा नियम केला, तर जगातल्या सगळ्या भिंतींवर धबधबे वाहतील. चित्र बघायलाही शिकावं लागतं. चार महिन्यांत लोकांनी निकाल दिला म्हणे! आमच्या धंद्यात चार महिन्यांत रंगसुद्धा धड वाळत नाही.

आणि गुंडाळलेल्या गादीचा अर्थ तू मला सांगतेस? तो मला शिकवला कुणी?

मी सहा वर्षांचा होतो, तू पंधराची. मला हॉस्पिटलच्या जिन्यावर बसवून तू वर गेली होतीस. खाली आलीस तेव्हा मी हट्टाला पेटलो, आईला बघायचंच म्हणून. तू माझा हात धरून वर नेलंस. खिडकी उघडी होती. ऊन कॉटवर आलं होतं, गादी गुंडाळून ठेवली होती आणि आई नव्हती. मी विचारलं, आई कुठे? तू म्हणालीस, “आई घरी गेली.” आपण घरी आलो तर घरात हीऽ माणसं. मला वाटलं, आई बरी झाली म्हणून भेटायला आलीत. मला कुणी आतल्या खोलीत जाऊ दिलं नाही, मावशी मला तिथूनच तिच्या गावी घेऊन गेली आणि महिन्याभरानं तिनं सांगितलं की आई गेली. पण त्या दिवशी आई आतल्या खोलीत निजली होती, आपल्या घरात होती, हे मला पक्कं माहीत होतं.

ताई, माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही. तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो तो फोटोतला. तो एक दिवस तेवढा माझा स्वतःचा आहे. इतकी वर्षं मी काय काय काढलं, विकलं, पण ही एकच गोष्ट कधी काढायला धजलो नव्हतो. तुझ्या हॉस्पिटलनं भिंत देऊ केली तेव्हा वाटलं, हीच ती जागा. आत ज्यांचं माणूस आहे त्यांना दिसू दे, की कॉट रिकामी झाली म्हणजे माणूस घरी जातं.

गादी मी पसरणार नाही. बैठकीत माझ्या बाजूनं उभी राहा. माझ्यासाठी एवढं कर.

धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. आईचं लिहिलंस ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही, दोन नर्सेस रजेवर आहेत आणि मी डबल ड्यूटी करते आहे.

चित्राचं म्हणशील, तर मला त्यातलं काय कळतं? शाळेत माझा आंबा आणि वांगं यातला फरक बाईंना विचारावा लागायचा. पण हॉलमध्ये बसणाऱ्या माणसाबद्दल मला तुझ्यापेक्षा नक्की जास्त कळतं. तुझ्या प्रदर्शनात माणूस आपल्या पायांनी येतो. नाही आवडलं तर पुढच्या चित्राकडे जातो, नाहीतर बाहेर जाऊन सरबत पितो. माझ्या हॉलमधला माणूस उठू शकत नाही, कारण त्याचं नाव केव्हाही पुकारलं जाईल. बाथरूमला जायचं तर शेजारच्याला सांगून जातो. अशा माणसाला तू बघायला शिक म्हणतोस. तो शिकेल रे, पण त्या दिवशी नाही.

खोटं कशाला बोलू, चित्र आवडणारेही आहेत. एक म्हातारे गृहस्थ बायको बरी होऊन घरी गेली तरी दोनदा नुसते चित्र बघायला आले. म्हणाले, “त्या उन्हात बसावंसं वाटतं.” हे मी बैठकीत सांगीन.

तब्येतीला जप. शिडीवर चढताना चपला काढत जा.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

काल समितीचं पत्र आलं. भिंत पांढरी करण्याचं ठरलं आहे. चित्रकाराला काही सांगायचं असल्यास एकतीस मार्चपर्यंत कळवावं, अशी मेहेरबानीही केली आहे.

सोबत तक्रारींच्या प्रती जोडल्यात. बहुधा कारकुनानं नको ते कागदही पाकिटात कोंबले. तक्रारी एकंदर तीन. दोन नातेवाइकांच्या, चार-चार ओळींच्या. तिसरी दीड पानांची. तुझं ते ठाशीव, उजवीकडे झुकलेलं अक्षर मी अभ्यासाच्या वहीपासून ओळखतो. तारीख उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवसाची. बाकीच्या दोन त्यानंतर महिन्याभरानं आलेल्या. म्हणजे सुरुवात तूच केलीस.

बैठकीतही चित्र काढून टाकण्याची शिफारस मेट्रननीच केली, असं लिहिलंय. ते म्हातारे गृहस्थ बहुतेक वाटेतच हरवले.

उद्घाटनाला तू पहिल्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवल्यास. माझ्या पाठीवरून हात फिरवलास. आणि नंतर झाडूवाल्या मावशींच्या तोंडून बोललीस, वॉचमनच्या तोंडून बोललीस, सगळ्या जगाच्या तोंडून बोललीस, फक्त स्वतःच्या नाही. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन कामाला लागलो असतो. घरचा भेदी निघाला की माणसानं काय करायचं?

चित्र आवडलं नसतं तर तोंडावर सांगायचंस. लहानपणी तू माझी किती चित्रं फाडण्याच्या लायकीची ठरवलीस, मी कधी रागावलो? मला एवढंच लिही की का. बाकी ख्यालीखुशाली नको.

धाकटा

४ मार्च

धाकट्या,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं, आणि हे टपालपेटीत टाकणार आहे.

तक्रार माझीच. झाडूवाल्या मावशी, वॉचमन, पाठ करून बसलेली बाई, सगळं खरं आहे, आणि त्यांच्या आड मी लपले हेही खरं. सात आठवडे तू पडद्याआड रंगवलंस, मलाही डोकावू दिलं नाहीस. उद्घाटनाच्या दिवशी पडदा सरकला आणि मी उठून जाणारच होते. तू माझ्याकडेच बघत होतास, म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी हॉलमधून गेलेली नाही. किचनमागच्या जिन्यानं वर जाते. किचनवाल्यांना वाटतं मेट्रनबाईंची आपल्यावर नजर आहे. ते बिचारे धास्तीनं तांदूळ दोनदा निवडायला लागलेत.

आई त्या दिवशी घरी निजलेली नव्हती. त्या सकाळी साडेसहाला, त्या कॉटवरच, आई गेली. मी जवळ होते. बाबा डॉक्टरांना शोधायला गेले होते, ते आले तेव्हा संपलं होतं. मग बाबा कागदांच्या मागे गेले, आईला खाली नेलं, आणि मी तिथेच उभी राहिले. नर्स एकटीच होती. कापसाची जड गादी, तिला आवरेना. मला म्हणाली, “धर गं जरा.” मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून ती गुंडाळली. गादी अजून ऊबदार होती.

तू भिंतीवर काढलंस ते हे. गाठ मारलेली दोरीसुद्धा तशीच काढलीस. ती गाठ मी मारलेली आहे.

मग मी खाली आले आणि तू हट्ट धरलास. वर नेलं. तू विचारलंस, आणि पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला आलं ते मी बोलले. मला वाटलं, घरी गेल्यावर बाबा सांगतील. बाबांना वाटलं, मावशी सांगेल. मावशीनं महिना लावला, आणि सांगितलं तेही ‘आई गेली’ एवढंच, कधी ते नाही. आपल्या घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही, बाबांनी तर कधीच नाही. तू अकरा-बारा वर्षांचा असताना एकदा सहज म्हणालास, “निदान एक दिवस तरी आई घरी आली होती, ना ताई?” तेव्हा सांगायला हवं होतं. तुझं तोंड बघून जीभ रेटली नाही. पुढे दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं.

तक्रारीत मी लिहिलं की नातेवाइकांना त्रास होतो. ते खोटं नव्हतं रे. मीही नातेवाईकच आहे.

मला वाटलं होतं, भिंत पांढरी झाली की आपण सुटलो, तुला काही सांगावं लागणार नाही. माझ्या भीतीपायी मी तुझं चित्र घालवायला निघाले, आणि तुला तोंडानं सांगायच्या ऐवजी समितीच्या कागदानं सांगितलं. हे मी वाईट केलं. एकतीस तारखेला अजून वेळ आहे. तू म्हणालास तर मी शिफारस मागे घेईन, सगळ्यांसमोर उभी राहून कारण सांगीन, आणि हॉलमधून जायला शिकेन.

माफी मागत नाही. मागितली तर तू ‘जाऊ दे गं’ म्हणशील, आणि ते मला ऐकायचं नाही.

ताई

२४ मार्च

ताई,

उत्तराला वीस दिवस लागले. पहिले आठ-दहा दिवस तर तुझं पत्र मी रंगाच्या डब्यांखाली दाबून ठेवलं होतं. घरात चोर शिरावा आणि सगळं सोडून नेमकी तीच एक वस्तू घेऊन जावा, तसं झालं होतं. बायकोलाही काही सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या हॉस्पिटलात येऊन गेलो. तुला कळवलं नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसून होतो. तू दिवसभरात एकदाही दिसली नाहीस, म्हणजे किचनवाल्यांचा जाच अजून चालू आहे.

काढत असताना आम्ही चित्राच्या नाकाला नाक लावून असतो. इतका वेळ, इतक्या लांबून, ठरल्या जागी बसून माझं कुठलंच चित्र मी बघितलं नव्हतं. चित्र चांगलं आहे, ताई. खोटा विनय करत नाही. ते ऊन मला पुन्हा जमायचं नाही.

माझ्या शेजारी एक नळदुरुस्तीवाला बसला होता. कामावरून तसाच आलेला, मांडीवर पान्यांची पिशवी. बायको आत होती. तो तीन तास भिंतीकडे बघत होता, आणि मला मनातून बरं वाटत होतं की हा तरी नीट बघतोय. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, “दादा, तुम्ही शिकलेले दिसता. चित्रातलं कळतं का तुम्हाला? त्या कॉटवर जी कोण होती, ती खरंच घरी गेली ना?”

मी व्याख्यानं देतो, तुला ठाऊक आहे. चित्राला एकच अर्थ नसतो, बघणाऱ्यानं आपला अर्थ शोधावा, हे मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलेन. त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, “हो. घरी गेली. बरी होऊन गेली.” विचारसुद्धा केला नाही. तो ‘बरं’ म्हणाला आणि पान्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. इतका वेळ ती त्यानं तशीच धरून ठेवली होती.

चारच्या सुमाराला त्याला आत बोलावलं. तो परत आला नाही. पिशवी तेवढी एक आया येऊन घेऊन गेली. काय झालं ते विचारायचा मला धीर झाला नाही.

तू पंधरा वर्षांची होतीस, मी चव्वेचाळीसचा आहे, आणि दोघांच्या तोंडून तेच शब्द आले. तुझ्यावरचा राग त्या खुर्चीतच गेला. तू ‘जाऊ दे गं’ म्हणू नकोस म्हणालीस, म्हणून म्हणत नाही.

अधीक्षकांना आज लिहिलं आहे की भिंत पांढरी करा. तू शिफारस मागे घेऊ नकोस. चित्रानं बघणाऱ्याला अस्वस्थ करावं, हे मी अजूनही म्हणतो आणि उद्याही म्हणेन. पण ज्या चित्रापुढे बसलेल्या माणसाशी कुणालातरी खोटं बोलावं लागतं, ते त्या भिंतीवर नको. रंग मारायला मीच येणार आहे, असंही कळवलंय. दुसऱ्या कुणाचा ब्रश त्या उन्हावरून फिरलेला मला सोसणार नाही.

रविवारी पोचतो. रंगाचं काम सोमवारी. रविवार मला दुसऱ्या कामाला हवा आहे.

माझ्याकडचा आईचा तो दिवस आता गेला. तिची शेवटची सकाळ तुझ्याकडे आहे, आणि अडतीस वर्षं तू ती एकटीनं सांभाळलीस. ती मला सांग. पहाटेपासून, क्रमानं सगळं. तिला दुखत होतं का. तिचा हात कुणाच्या हातात होता. ती काही बोलली का. मी खाली जिन्यावर बसलोय हे तिला कुणी सांगितलं होतं का. मी लहान आहे असं समजून काही गाळू नकोस, काही गोड करू नकोस. तिनं माझी आठवण काढली होती का, तेही सांग. काढली नसेल, तर तसंच सांग.

तुझा
धाकटा